पिशवी आधी टेबलावर

आपल्या सगळ्यांचे आण्णा, आदरणीय शामराव केसरकर, यंदा पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. त्यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी आडवा होतो. आजऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवता शिकवता माझी कंबर धरली होती आणि मेहुण्यांनी मला रिक्षातून आणून कोल्हापुरातल्या आण्णांच्या योग व निसर्गोपचार केंद्रातल्या बाकावर ठेवले होते. आण्णांनी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. म्हणाले, "पावणं, पिशवी आधी टेबलावर."

पिशवी म्हणजे गोळ्यांची. येणाऱ्या प्रत्येकाने आपली चालू औषधे आणि डॉक्टरांचे कागद टेबलावर मांडायचे, माती-पाणी-आसनांचा विषय त्यानंतर, हा तिथला शिरस्ता. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. मी महिन्याभरात उठून चालू लागलो, सुट्ट्यांत मदतीला येऊ लागलो आणि निवृत्तीनंतर तिथलाच झालो.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात लोकांना दुधीचा रस पाजायचा, हे खायचे काम नव्हे. पैलवानकीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आण्णांना दरडावून विचारले होते, "मटणाबिगर माणूस जगतोय व्हय?" आण्णा शांतपणे म्हणाले, "जगतोय की. बकरं बी जगतंय." ते गृहस्थ आज सकाळच्या वर्गात पहिल्या रांगेत बसतात. थंडीच्या दिवसांत मातीची पट्टी आण्णा आधी स्वतःच्या पोटावर ठेवून पाहतात, मग रुग्णाच्या. आणि हाड मोडलेला कोणी आला तर त्याला दारातूनच दवाखान्यात धाडतात. "आसनानं हाड जुळत न्हाय," हे ते जितक्या ठामपणे सांगतात, तितक्याच ठामपणे प्राणायामाचे गुण सांगतात. म्हणूनच गावातले डॉक्टरही त्यांच्याकडे माणसे पाठवतात.

पण या गौरवग्रंथात मला माझ्या एका चुकीविषयी लिहायचे आहे. आण्णा मला खरे कळले ते तेव्हा.

काही वर्षांपूर्वी आण्णा वारणानगरला कामगारांच्या शिबिरासाठी तीन दिवस गेले आणि केंद्र माझ्यावर सोपवून गेले. त्याच दिवशी चंदगडहून एसटीने हौसाक्का केंद्रात उपचारासाठी राहायला आल्या. साठीच्या, गुडघे धरलेल्या. त्यांच्या पिशवीत इन्सुलिनची इंजेक्शने होती. कंबर बरी झाल्यापासून मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. म्हणालो, "आक्का, हे विष कशाला टोचून घेता? नुसता रस घ्या, शरीर आपले आपण सुधारते." त्या माउलीने मास्तर म्हणून माझ्यावर विश्वास ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या, धाप लागली, हाक मारली तर ओ देईनात. तेवढ्यात आण्णा परतले. न वापरलेली इंजेक्शने त्यांनी पाहिली, रिक्षा बोलावली आणि आक्कांना दवाखान्यात नेले. तिथे डॉक्टरांना त्यांनी स्वच्छ सांगितले, "इन्सुलिन आमच्याकडं बंद झालं. नुसता रस दिलाय. चूक आमची हाय." मी पुढे होऊन बोलणार, तर त्यांनी हातानेच मागे सारले. आक्कांचा मुलगा आला आणि वाटेल ते बोलला. आण्णा मान खाली घालून ऐकत राहिले. माझे नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाही. शरमेने मला भिंतीआड व्हावेसे वाटत होते.

आक्का वाचल्या. त्यानंतर आण्णा मला म्हणाले, "मास्तर, इन्सुलिन बी शरीरातलंच हाय की. तिच्या अंगात हुईना म्हणून डॉक्टर बाहेरनं देत्यात. त्यात विष कुठलं? उद्यापास्नं पिशवीला हात लावायचा न्हाय."

बाकी सारे माझ्याकडे राहिले. आसने, माती, वाफेची पेटी, सगळे. पिशवी तेवढी आण्णा स्वतः बघत. पुढे हौसाक्का डॉक्टरांना विचारून, इंजेक्शने चालू ठेवून परत आल्या, गुडघ्यांचे व्यायाम शिकल्या आणि आता काजूच्या बागेत स्वतः फिरतात. त्यांनी मला माफ केले. आण्णांचा राग तर त्याच दिवशी संपला होता, पण पिशवी काही माझ्याकडे परत आली नाही आणि ती मागायचे धाडस मला झाले नाही.

गेल्या महिन्यात आण्णांना चक्कर आली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रात आलो, तर आण्णा आपल्या खुर्चीवर नव्हते. टेबलासमोर रुग्णांच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी एक कापडी पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बघा मास्तर."

मी पिशवी उघडली. गोळीचे नाव वाचले, डॉक्टरांचा कागद वाचला, विचारले, "आजची घेतली?"

"घेतली की," आण्णा म्हणाले आणि वज्रासन घालायला उठले. त्या दिवसापासून सगळ्यांच्या पिशव्या मीच बघतो.

आण्णा, शतायुषी व्हा असे आपल्याला सगळेच म्हणतील. मी आपला शिष्य, थोडा स्वार्थाने मागतो. रोज सकाळी आपण खुटखुटीत चालत येऊन त्या स्टुलावर बसावे, आणि आपली पिशवी बघायला मला अजून पुष्कळ सकाळी मिळाव्यात.