उपाशी बाळंतीण

माझ्या धाकट्या मावशीला लाँड्रीत सगळे 'ठिणगी' म्हणत. दिवसभर वाफेच्या इस्त्रीवर चादरी ओढणारी ही बाई मुकादमालाही दबत नसे. पण मुलगी झाली, सासूने तिच्या ताटाचा ताबा घेतला, आणि मावशीने तोंड मिटलं. पहिलटकरीण होती, आपल्याला काय कळतंय, असं तिला वाटलं.

बाळ रडलं की ताटातला एक पदार्थ जायचा. आधी अंडी गेली, मग मासे, मग तेल. "तू खातेस ते तिला बाधतं," सासू म्हणायची. शेवटी मऊ भात आणि मीठ उरलं. बाळ पाजायला घेतलं की थोड्याच वेळात सासू ते ओढून घ्यायची. "पुरे. पोट फुगेल." भुकेलं बाळ पुन्हा रडायचं आणि ताट आणखी हलकं व्हायचं. काका, म्हणजे मावशीचा नवरा, समोर बसून खाली मान घालून मासा खायचे.

मावशीला उभं राहिलं की अंधारी यायची. बाळाचं वजन वाढेना, तेव्हा सासू-सून त्याला घेऊन दवाखान्यात गेल्या.

"हिचं दूधच पाणचट आहे हो," सासूने नर्सबाईंना सांगितलं.

"सुरुवातीला ते पातळच असतं," नर्सबाई म्हणाल्या. "स्निग्ध दूध नंतर उतरतं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही बाळ काढून घेता. बाळाला पोट भरल्यावर आपणहून सोडू द्या. आणि हिला जेवू घाला. उपाशी आईलाही दूध येतं, पण ते तिचं अंग झिजवून येतं. बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी आईच्या ताटातल्या मासळीतून दुधात उतरते. तेच बंद केलंत?"

घरी येऊन मावशीने थेट तवा चढवला आणि अंडी फोडली. सासू आडवी आली. "या घरात माझं चालतं."

"मग दूधही तुम्हीच पाजा." मावशीचा आवाज चढला नव्हता, तरी जेवायला बसलेल्या काकांचा घास हातातच राहिला. ती त्यांच्याकडे वळली. "आणि तुम्ही रोज माझ्यासमोर जेवलात. तुझं ताट असं का, एवढं विचारायला जीभ झडली होती?"

सासू भिंतीला टेकून खाली बसली.

"माझा पहिला तान्हा असतानाच गेला," ती म्हणाली. "ताप होता त्याला. सगळे म्हणाले, आईची जीभ नडली. मी मासे खाल्ले होते."

"कोण म्हणालं?"

"सासू, नणंदा, शेजारणी. हेसुद्धा."

मावशीला वाईट वाटलं, पण राग ओसरला नाही. "मेल्यांनी खोटं सांगितलं तुम्हाला. तापाने गेला तो. आणि त्या खोट्यापायी तुम्ही मला उपाशी ठेवलंत. हे मी विसरायची नाही."

उभ्यानेच तिने अंडी खाल्ली.

बाळ हळूहळू भरलं. पाजायच्या वेळी सासू आता दाराबाहेर बसायची आणि सल्ले द्यायला आलेल्या शेजारणींना तिथूनच वाटेला लावायची. काका मासे आणू लागले, साफही करू लागले. मुलगी चालायला लागली तरी मावशी काकांशी कामापुरतंच बोलायची.