उजव्या रकान्यातलं अठरा टन सोनं

मध्यवर्ती बँकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, एक माणूस एकतीस वर्षं दोन देशांची तुलना करत बसला होता. डावा रकाना आपला, उजवा शेजारच्या देशाचा. परकीय चलनाची गंगाजळी किती, सोनं किती टन, आणि एवढ्या पुंजीत किती महिन्यांची आयात भागेल, हे दर महिन्याला लिहायचं. काम ऐकायला भारदस्त, करायला वैताग. ऑफिसात त्यांना तोळामासा म्हणत. सोन्याचा रकाना त्यांच्याकडे होता आणि प्रकृतीही तशीच, पंखा जरा जोरात लावला की शिंका सुरू. नाव त्यांना आवडायचं, पण कबूल करतील तर शपथ.

एकुलती एक लेक त्यांनी उजव्या रकान्यातच दिली. जावई तिकडच्या बंदरात इंजिनिअर. तेव्हापासून तोळामासा तो रकाना जरा जास्तच जपून भरत. तिकडची गंगाजळी वाढली की घरी येऊन सांगत, आणि बायको म्हणे, लेकीला साडी घेतल्यासारखं काय सांगताय!

नात सात वर्षांची. तिला पाचव्या वर्षीच साखरेचा आजार निघाला. रोज इन्शुलिन टोचायचं, आणि त्या देशात ते बनत नव्हतं. कुपी न् कुपी बाहेरून यायची.

त्या वर्षी मार्चमध्ये उजवा रकाना खचला. सात महिन्यांची आयात भागवणारी पुंजी तीन महिन्यांवर आली. लेकीचा फोन आला. औषधाच्या दुकानात आता एका वेळी एकच कुपी देतात, म्हणाली. मग तिने विचारलं, "बाबा, आम्ही घरी येऊ का?"

बायकोने शेजारी उभ्याउभ्याच मनात कपाट रिकामं करायला घेतलं होतं. तोळामासा म्हणाले, उद्या बघून सांगतो. काय बघायचं होतं, देव जाणे! दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे जुने तक्ते काढले, चष्मा पुसून पुसून वाचले. चलन आटलं होतं, पण सोनं अठरा टन, चार वर्षांत ग्रॅमभरही हललेलं नाही. अठरा टन सोनं घरात असताना कोणता देश औषधावाचून बसेल? आधी सोनं विकेल. संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन केला. जावयाच्या कराराचे आठ महिने उरलेत, ते सोडू नका, सोनं शाबूत आहे, असं समजावून सांगितलं. लेक बरं म्हणाली. बायकोने मनात रिकामं केलेलं कपाट परत भरलं.

खरं सांगतो, या माणसाचा राग येतो तो इथे. बावीस वर्षांपूर्वी आपल्याच देशाने अडीनडीला निम्मं सोनं परदेशी बँकेकडे गहाण टाकलं होतं. तेव्हाचे साहेब म्हणाले, सोनं आपलंच आहे, फक्त गहाण आहे, आकडा तसाच राहू दे. तोळामासांनी राहू दिला. खाली बारीक अक्षरात गहाणाची एक ओळ टाकली, पुढच्या वर्षी तीही गळली. म्हणजे न हलणारा आकडा पाहून ज्याच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकायला हवी, तो हाच माणूस. पण स्वतः केलेली लबाडी दुसराही करत असेल, हे आपल्या ध्यानात येत नाही.

सप्टेंबरात तिकडच्या सरकारने जाहीर केलं, सगळंच्या सगळं सोनं केव्हाच गहाण पडलं होतं. जहाजं माल न उतरवता परत फिरली. विमानाचं तिकीट परकीय चलनाशिवाय मिळेना, आणि ते लेकीकडे कुठून असणार? बसचे दोन दिवस पोरीला सोसणारे नव्हते. ती इन्शुलिन अर्ध्या मात्रेवर पुरवू लागली. एका सकाळी पोर उठेचना.

फोन आल्यावर तोळामासांनी रजेचा अर्जही दिला नाही. बर्फाच्या डब्यात चाळीस कुप्या भरल्या आणि बसने निघाले. दोन दिवस डबा मांडीवरून खाली ठेवला नाही, वाटेत थांबून थांबून बर्फ बदलला. नात दवाखान्यात अकरा दिवस होती. वाचली, पण उजव्या पायाची बोटं कायमची बधिर झाली. चप्पल निसटून मागे राहायची, तिला कळायचंही नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर तोळामासा लेकीशेजारी बसले. गहाण, बारीक ओळ, बावीस वर्षांपूर्वीचे साहेब, सगळं त्यांनी तिला सांगितलं. काही लपवलं नाही. माझा आकडा चुकला, असं ते म्हणत राहिले.

लेकीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच त्यांना सोसलं नाही.

"बाबा, मी तुम्हाला सोन्याचं विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "घरी येऊ का, एवढंच विचारलं होतं."