आलियाचा पहिला ताप

हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. दर रविवारी गोंदियाकडं फोन लावते — भात कापलं का, म्हैस दूध देते का, सगळं विचारते, सगळं सांगते. हे तेवढं ओठाशी येतं आणि मी म्हणते, "बरं, ठेवते." पाच वर्षं झाली. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझा चेहरा बघितलेला नाही, म्हणूनच असेल.

आधी रुबिना आपाबद्दल सांगते. — बघा, सांगायचं माझं आणि मी लगेच आपाच्या मागं लपायला निघाले.

मी सातवीत शाळा सोडली. नवरा पवनचक्कीच्या कामावर येरमाळ्याला आला, त्याच्या मागं मी आले. टॉवर उभे राहिले, माणसं दुसऱ्या कामावर गेली, त्यांच्यात तोही गेला. न्यायला परत आला नाही. देवीच्या रस्त्याला आपाचं बांगड्यांचं दुकान आहे. तिचे मालक सौदीत गाडी चालवतात. तिनं मला एवढंच विचारलं, "जेवलीस का?" — आणि घरामागची खोली दिली. दुकान तिनं बघायचं, घर आणि तिची लेक आलिया मी. आलिया तेव्हा पाच वर्षांची. मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, अजून म्हणते.

आता पिंपाचं. इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. माझं गाव तळ्यांचं, पाण्याचं मोल मला इथं कळलं, आणि असं कळलं की एक तांब्या सांडवेना. घरोघरी फिरणाऱ्या आशाताई सांगून जायच्या — आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करा, घासा, दिवसभर कोरडं ठेवा. आपानंही बजावलेलं. मी म्हणायची, "व्हय, घासलं की." घासत नव्हते. न्हाणीमागच्या निळ्या पिंपावर पोतं टाकून ठेवायची. एकदा पोतं उचललं, तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मी पोतं परत टाकलं. नळाला अजून तीन दिवस आहेत, म्हटलं.

त्याच पंधरवड्यात आपा भावाच्या लग्नाला हैदराबादला गेली. येताना माल भरून आणायचा, म्हणजे आठ दिवस. तिसऱ्या दिवशी आलिया तापली. येरमाळ्यात सगळे ओळखीचे, म्हणून मी तिला जीपनं कळंबला नेलं. रक्त तपासलं — डेंग्यू. घाबरू नका, साधा आहे, पाणी पाजत राहा, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आणि खरंच, पाच दिवसांत पोरगी उड्या मारायला लागली.

आपाला फोन का केला नाही? केला असता तर पहिला प्रश्न पिंपाचा आला असता. पिंपावरून तिनं मला हाकललं असतं का? आज वाटतं, नसतं हाकललं. तेव्हा मला खोली दिसत होती फक्त. मी रिपोर्ट चुलीत घातला. पिंप पालथं केलं, खसाखसा घासलं, उन्हात ठेवलं. आणि — इथं हात अडतो — आलियाला कुल्फी घेऊन दिली. म्हटलं, "अम्मीला सांगायचं न्हाय हां. आपली दोघींची गंमत." तिनं कुल्फी चाटत मान हलवली.

पुढच्या वर्षी, नवरात्राच्या तोंडावर, आलियाला पुन्हा ताप आला. या वेळी पिंप स्वच्छ होतं. पण डास काय, कुठूनही येतो. आपा घरी होती. तिघी धाराशिवला गेलो. डॉक्टरांनी तपासणीच्या कार्डावरच्या रेघा बघितल्या, पुन्हा बघितल्या.

"डेंग्यू आहे. हिला आधी कधी झालाय?"

"न्हाय हो," आपा म्हणाली.

"रक्तात जुनी खूण दिसतेय. पहिल्या तापात शरीर जे राखणदार तयार करतं, ते रक्तात राहतात. दुसऱ्यांदा वेगळ्या जातीचा डेंग्यू आला, तर तेच कधीकधी त्याला आत घेतात. मग दुखणं वाढतं. आठवून सांगा."

आपा चिडली. "डॉक्टर सायेब, पोटची पोरगी हाय माझी. तिला डेंग्यू व्हईल अन् मला कळणार न्हाय? तुमचं कार्डच आंधळं हाय."

डॉक्टर हसले. चुकतंही कधी कार्ड, म्हणाले. "आधी झाला असता, तर आज इथंच ठेवून घेतलं असतं." औषध लिहून दिलं, उद्या परत दाखवायला सांगितलं.

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं. बाकावर बसलेली आलिया माझ्याकडं बघत होती — तोंड घट्ट मिटून. मी काय केलं? पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले. बाटली भरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. आम्हाला कोण आनंद! दुपारी दाखवायला जाऊ म्हणून आपा नवरात्राचा माल लावायला दुकानात गेली. अकराच्या सुमारास आलिया पोट धरून रडायला लागली. मग रडायची थांबली. तळवे थंडगार, ओठ पांढरे. ताप उतरतो तेव्हाच खरं भ्या असतं, हे मला कुठं ठाऊक होतं? तिला उचलून मी दुकानापर्यंत पळत सुटले.

चार दिवस पोरगी मोठ्या दवाखान्यात काचेपलीकडं होती, नळ्यांत. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मोठी तपासणी करून सांगितलं — दुसऱ्यांदाच झालाय, शंका नाही. आपा भिंतीला टेकून खाली बसली. माझा हात धरून म्हणाली, "मी बांगड्या विकत बसले गं, अन् लेकराचा ताप माझ्या हाताला लागला न्हाय." तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? मी म्हणाले, "आपा, थोडं पाणी घ्या."

आलिया वाचली. हे आधीच सांगायला हवं होतं, तुम्ही घाबरला असाल.

पण आपा? तेव्हापासून नवरात्रात, सगळा रस्ता बांगड्यांनी भरलेला असतो तेव्हा, तिच्या दुकानाचं शटर खाली असतं. घरी बसते, दिवसातून दहादा आलियाचं कपाळ चाचपते. पोरगी वैतागते, "अम्मी, मी काय तवा हाय का?" आपा हसते, हात काढत नाही. शेजारणींना सांगते, "सुमननं उचलून आणली म्हणून पोरगी हाय. मी कसली आई." मी तिथंच असते. भाजी निवडत असते.

मला वाटायचं, आलिया विसरली असेल. एवढंसं लेकरू. आता ती दहा वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात आशाताई शाळेत डेंग्यूबद्दल सांगून गेल्या. आलिया घरी आली, दप्तर टाकलं आणि मला न्हाणीमागं ओढत नेलं, त्या पिंपाजवळ. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "खाला, मी अजून कुणालाच सांगितलं न्हाय."

आत आपा तिला हाक मारत होती — ये गं, कपाळ बघू.

मी आलियाच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "शहाणी गं माझी."