मेमरीची दुसरी पट्टी

मंडळी, आज आमच्या आईने कॉम्प्युटरला हरवलं!

द्वारकेच्या फ्लॅटमध्ये धूळ खात पडलेल्या मशीनवर सकाळी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकत होतो. इन्स्टॉलरने मशीन तपासून निकाल दिला: मेमरी कमी, खिडक्या-आयकॉनवाला डेस्कटॉप झेपणार नाही. म्हणजे नुसती काळी स्क्रीन आणि कमांड टाइप करत बसा. वैतागून कबाडीवाल्याला फोन लावणार, तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, फिजिकल व्हेरिफिकेशन केलंस का?"

आई सरकारी स्टोअरमधून रिटायर झाली. कागद काहीही म्हणो, कपाट उघडून माल स्वतः मोजायचा, ही तिची जुनी सवय.

कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक सैल! दाबून बसवली, इन्स्टॉलर पुन्हा चालवला. या वेळी यादीत डेस्कटॉपसमोर आपोआप टिक!

आई शांतपणे म्हणाली, "अच्छा. आता रजिस्टरमध्ये लिही, फाउंड करेक्ट, माल बरोबर."

तुम्ही काय काय न उघडताच भंगारात काढलंत?