चर्चच्या पायरीवर

रविवारी उपासनेत सगळ्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले. माझे मिटेनात. शेजारी माझी मैत्रीण मार्था पदराचा दोरा ओढत होती. कित्येक महिने तिच्या मनाला ही धास्ती, ही उदासी. एकाएकी ती उठून बाहेर गेली. मीही मागोमाग गेले. पायरीवर बसून तिनं विचारलं, "माझा विश्वासच कमी पडतोय का गं?"

मी चरकले. 'विश्वास ठेव, बरी होशील,' असं मीच तिला सारखं सांगत आले होते.

"नाही गं, माझंच चुकलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतेस ना?"

"विश्वास ठेवायचा म्हणून सोडल्या."

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते."

तिनं माझा हात धरला. आत प्रार्थना सांगणाऱ्या पाळकांसारखे शब्द मला सुचेनात. मी एवढंच म्हणाले, "प्रभू, आम्ही दोघी इथे बाहेर आहोत."