पहिल्या फेरीचा नियम

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझं लेथ मशीन होतं आणि समोरच्या गाळ्यात माझा मेकॅनिक दोस्त, होड्यांची जुनी टू-स्ट्रोक इंजिनं उघडून बसलेला. मनोरीचे कोळी ती टेम्पोत घालून आणायचे. काय बिघडलंय ते मालक सांगायला लागला, की हा हात वर करायचा. "तू गप रे. इंजिनाला बोलू दे." मग पाण्याच्या पिंपात इंजिन उभं करून दोरी खेचायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. गाळाभर निळा धूर, आम्ही खोकून बेजार, आणि हा खुशीत!

एकदा होडी जोरात पळावी म्हणून त्याने एका इंजिनाचे पोर्ट, म्हणजे हवा-धुराची भोकं, घासून मोठे केले. आतला पितळी बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, मी बनवून दिला. "रविवारी मनोरीला चल," म्हणाला. मला वाटलं, मासे खायला.

खाडीवर मालक काठावरच थांबला. पहिल्या फेरीला गिऱ्हाईक नाही, काम करणाराच बसणार, हा याचा नियम. मलाही त्याने होडीत ओढलं. "बुश तुझा ना? मग बस."

होडी झकास पळाली. पण याने एका हाताने कड गच्च धरलेली.

"पोहता येतं ना तुला?" मी ओरडलो.

"नाही यार! येत असतं, तर इतकं मन लावून काम केलं असतं का?"

मीही हसलो. मग आठवलं, पोहता मलाही येत नव्हतं, आणि तो बुश मी शनिवारी सुटायच्या घाईत, माप न तपासताच दिला होता.