बागेतल्या रविवाराच्या फळ्या

"फळ्या कशा सुक्या आहेत बघा, एका काडीत पेटल्या," मामी मागच्या अंगणात कौतुकानं म्हणाली.

बाबांचं तेरावं होतं. मोठं पातेलं गॅसवर मावेना म्हणून मामानं क्वार्टरच्या मागे विटांची चूल मांडली होती. सकाळी त्यानं विचारलं, "मागच्या फळ्या घेऊ का गं?" मी न बघताच मान हलवली. त्या तेरा दिवसांत मी सगळ्यांनाच मान हलवत होते.

आता दारातून पाहिलं, तर चुलीत बाबांनी कोरलेली रेघांची फळी होती.

बाबा सिल्वासातल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक त्यांना रद्दीत सापडलं होतं. त्यांना इंग्रजी जड जायचं, म्हणून मी वाचून मराठीत सांगायची. नाटकाला निघालेली गर्दी, चहाच्या दुकानातल्या मुली, होडीत बसून आतषबाजी बघणारी माणसं. "राजा नाही, देव नाही," बाबा म्हणायचे, "नुसती सुट्टीवर आलेली माणसं. आपल्या दादऱ्याच्या बागेसारखी."

मग त्यांनी तीच बाग कोरायला घेतली. नरोलीच्या खोल्यांमधून रविवारी येणारे कामगार, त्यांचे इस्त्रीचे शर्ट, पायडलची होडी, भेळ. प्रत्येक रंगाला वेगळी फळी, आणि सगळ्या रेघांची एक. त्या रेघांच्या फळीवर बाकावर मी बसले होते, पाठमोरी. "तुला तोंड दाखवायला आवडत नाही ना," ते म्हणाले होते. निळी फळी कोरायची राहिली, म्हणून एकही प्रत छापली नव्हती.

रेघा गेल्या की बाकीच्या फळ्यांवर नुसते डाग उरतात. ते मला कळत होतं. मामा जळगावहून धावत आला होता, पहिल्या दिवसापासून आईला धरून होता. त्याला सांगितलं असतं तर तो तिथेच खाली बसला असता. मी दारातच उभी राहिले. फळीच्या कडा काळ्या होऊन वर वळल्या.

"हे पाहा, याच्यावर कुण्या पोरानं काहीतरी खरवडलंय," मामा माझ्याकडे बघून हसला आणि त्यानं लाल रंगाची फळी उचलली. "शाळेतलं असंल. टाकू ना, माय?"

माझी मान हलायला लागली होती. ती मी थांबवली.

"मामा, नको. ती बाबांनी कोरलीय. आत जळतेय ना, तीसुद्धा."